बाळदमा आणि प्राथमिक शाळा

प्राथमिक शाळेचा हजेरीपट वर्षाअखेरीस उलगडून पाहिला असता काही विद्यार्थ्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा एका ठरावीक रीतीने पडलेल्या दिसतात. जून-जुलै महिन्यांत पाच-सहा दिवस, दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन-चार दिवस आणि जानेवारीच्या थंडीत पुन्हा एक आठवडा. हजर असेल त्या दिवशीही असा मुलगा पहिल्या तासाला पेंगतो, कवायतीत मागे राहतो आणि खेळाच्या तासाला काही ना काही निमित्त काढून झाडाखाली बसतो. शिक्षक त्यास आळशी समजतात, वर्गमित्र त्याला चिडवतात आणि घरची माणसे 'प्रकृतीच नाजूक' असे म्हणून विषय संपवतात. रात्री दोन वाजता तो उठून बसलेला असतो आणि खोकून खोकून पहाटे त्याचा डोळा लागतो, ही गोष्ट शाळेला कोणी सांगत नाही. या मुलास बहुधा दमा असतो. लहान वयातील या विकारास आपल्याकडे बाळदमा म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता व त्या एका वर्षात सुमारे ४ लाख ५५ हजार माणसे त्याने दगावली. मुलांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत याचाच क्रम सर्वांत वर लागतो. भारतात रोग्यांच्या संख्येच्या मानाने मृत्यूंचे प्रमाण फारच मोठे आहे. याचे कारण जितके हवेत आहे तितकेच समजुतीत आहे. रोगाला आवर घालणारे औषध गेल्या पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहे. परंतु रोगाचे नाव घेण्याची लाज, औषधाची सवय लागेल ही भीती आणि बरे वाटताच औषध थांबवण्याची घाई, या तीन गोष्टींमुळे ते मुलाच्या फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. मुलगी असेल तर पुढे लग्न जुळणार नाही या धास्तीने घरचे लोक रोग शेजाऱ्यांपासूनही लपवतात. शिक्षक हा वैद्य नव्हे. तथापि मुलास आठवड्यातील सहा दिवस जवळून पाहणारी, घराबाहेरची अशी तीच एक व्यक्ती असते, आणि दम्यावरील ताबा सुटू लागल्याची पहिली चिन्हे इस्पितळाच्या कितीतरी आधी वर्गात व मैदानावर दिसतात.

रोगाचे स्वरूप

श्वासनलिका फुप्फुसात शिरल्यावर झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटत जाते व तिच्या शेवटच्या फांद्या अगदी बारीक असतात. दमेकऱ्याच्या या बारीक नळ्यांचे आतले अस्तर नेहमीच थोडेफार सुजलेले व हळवे असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचे विषाणू किंवा ज्यांचे त्या मुलास वावडे आहे असे सूक्ष्म कण यांचा स्पर्श होताच नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर अधिक सुजते आणि चिकट कफ सुटतो. तीनही बाजूंनी वाट अरुंद होते. नळीतून वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणजे नळीची त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मुलांच्या नळ्या मुळातच लहान. त्यामुळे प्रौढास जी सूज जाणवणारही नाही तिने मुलाला धाप लागते. श्वास आत घेताना छाती फुगते व नळ्याही किंचित रुंदावतात. सोडताना त्या मिटतात. म्हणून दमेकऱ्यास खरे कष्ट पडतात ते श्वास सोडताना, आणि छातीतील सूं-सूं आवाजही मुख्यतः त्याच वेळी येतो.

सातवीच्या विज्ञानाच्या तासाला हे समजावून देणे सोपे आहे. निरोगी मुलांनी नाक चिमटीत धरून शहाळे पिण्याच्या बारीक नळीने अर्धा मिनिट श्वासोच्छ्वास करून पाहावा. दमा असलेल्या मुलास या प्रयोगात घेऊ नये. त्याला त्याची आवश्यकता नाही. वर्गातील इतरांना मात्र आपला सोबती मध्येच का थांबतो हे त्या अर्ध्या मिनिटात कळते, आणि चिडवणे पुष्कळदा तेथेच बंद होते.

हा रोग संसर्गजन्य नव्हे. तो काही अंशी कुळात असतो. आईबापांपैकी कोणास दमा, सतत शिंका येण्याची खोड किंवा अंगावर खाजरे चट्टे उठण्याचा विकार असला तर मुलास तो होण्याचा संभव वाढतो. एकाच्या पाण्याच्या भांड्यातून दुसऱ्याने पाणी प्याल्याने तो होत नाही. हे येथे लिहावे लागते, कारण अशा मुलास वेगळे बसवणारे वर्ग आजही आढळतात.

आपल्या पूर्वजांनी या विकाराचे निरीक्षण किती बारकाईने केले होते हे पाहण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमकश्वास म्हणजे आजचा दमा, असे सामान्यतः मानले जाते. रोग्यास आडवे पडल्याने त्रास वाढतो व उठून बसल्याने बरे वाटते, आणि ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेकडील वारा यांनी हा विकार बळावतो, असे तेथे नमूद आहे. नवी मुंबईत राहणाऱ्या दमेकऱ्याचा वर्षभराचा अनुभव याहून फारसा निराळा नाही.

नवी मुंबईची हवा

मुंबईवरील भार हलका व्हावा म्हणून खाडीपलीकडे नवे शहर उभारण्यासाठी सिडको हे महामंडळ १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन त्यासाठी निश्चित झाली. भातखाचरे, मिठागरे व खाजण असलेला हा सखल प्रदेश. भरतीचे पाणी वस्तीत शिरू नये म्हणून येथे बांध व धारण तलाव करावे लागले. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळमजल्यावरील भिंतींना ओल धरते, कपाटामागे काळपट बुरशी चढते आणि गाद्या-उशा आठवडेच्या आठवडे उन्हाचे तोंड पाहत नाहीत. अशा दमट गादीत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे वाढतात. त्यांची विष्ठा हे दम्याच्या सर्वांत सामान्य कारणांपैकी एक होय. बुरशीचे बीजकण व झुरळांचे अवशेष यांचीही गणना त्यातच होते.

शहराच्या रचनेतच आणखी एक अडचण आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस, रस्ता व पारसिकची डोंगररांग यांच्यामध्ये औद्योगिक पट्टा पसरलेला आहे, आणि पश्चिमेस खाडीच्या बाजूला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ या वस्त्या आहेत. दिवसा खाडीवरचा वारा धूर डोंगराकडे नेतो. हिवाळ्यात रात्री व पहाटे वारा मंद होऊन जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, थंड हवा खाली बसते आणि धूर-धूळ वस्तीवर साचून राहते. डोंगराच्या उतारावरील दगडखाणी, मार्बल-फरशी कापण्याचे गाळे, अखंड चाललेली बांधकामे व पनवेलकडे एकत्र येणारे महामार्ग यांची भर त्यात पडते. दक्षिणेस विमानतळासाठी उलवे येथील टेकडी सुरुंगांनी फोडून जमीन सपाट करण्यात आली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात मिरचीची पोती वाहणाऱ्या हमालाच्या घरी त्याच्या कपड्यांतून काय येते, हे त्याच्या मुलाचा दमा पाहणाऱ्या डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

परंतु सर्व दोष कारखान्यांच्या माथी मारून शिक्षकांनी व पालकांनी स्वस्थ बसणे बरोबर नाही. मुलाच्या नाकाशी सर्वांत जवळची हवा घरातली असते. खाडीकाठी डास फार. म्हणून संध्याकाळी दारे-खिडक्या लावून डासांची वेटोळी अगरबत्ती पेटवण्याची चाल घरोघर आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशी एक वडी जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म धूलिकण हवेत सोडते असे आढळले. बाप विडी ओढत नाही म्हणून निश्चिंत असलेल्या घरात मूल रात्रभर एवढ्या धुरात झोपलेले असते. मच्छरदाणी हा यावरचा उपाय जुना आहे, स्वस्त आहे, आणि हल्ली केवळ गावंढळ वाटतो म्हणून मागे पडला आहे. पनवेल तालुक्यातील ठाकूर-कातकरी वाड्यांवर प्रश्न चुलीच्या धुराचा. गॅसची शेगडी आलेल्या घरांतही सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी पाणी तापवणे चुलीवरच चालते. तेथे मुलास चुलीजवळ अभ्यासाला बसू न देणे एवढे तरी होण्याजोगे आहे.

दिवाळीचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेने २०१६ साली निरनिराळ्या फटाक्यांच्या धुराचे मापन केले. सर्वाधिक अतिसूक्ष्म कण मोठ्या आवाजाच्या फटाक्यांतून निघत असतील असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात पहिला क्रमांक नागगोळीचा लागला. दर घनमीटर हवेत ६४ हजार मायक्रोग्रॅमहून अधिक कण तिच्या धुरात मोजले गेले. त्याखालोखाल हजाराची लड, मग पुलपुल आणि फुलबाजी. आवाज नाही, भाजण्याची भीती नाही म्हणून जे प्रकार सर्वांत लहान मुलांच्या हाती दिले जातात तेच त्यांच्या तोंडाशी सर्वांत जास्त धूर सोडतात. फटाकेबंदीच्या सर्वसाधारण प्रतिज्ञेपेक्षा ही एक माहिती मुलांना सांगितली तर ती अधिक ध्यानात राहते.

ताबा सुटला हे कसे ओळखावे

दमा समूळ जातोच असे आश्वासन कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. पुष्कळ मुलांचा त्रास वयात येताना कमी होतो, काहींचा पुढे परत येतो. मात्र दमा ताब्यात ठेवता येतो, आणि ताब्यात असलेला दमेकरी इतरांसारखाच झोपतो, शिकतो व खेळतो. १९९३ साली सुरू झालेल्या 'जिना' या दमाविषयक जागतिक उपक्रमाने ताबा तपासण्यासाठी गेल्या चार आठवड्यांविषयीचे चार साधे प्रश्न ठरवून दिले आहेत. दिवसा खोकला, घरघर वा धाप यांचा त्रास आठवड्यातून दोनदांहून अधिक झाला काय? दम्यामुळे एकदा तरी रात्री जाग आली काय? तात्काळ आराम देणारे औषध आठवड्यातून दोनदांहून अधिक वेळा लागले काय? धावणे, खेळणे, जिना चढणे यांत अडथळा आला काय? चारही उत्तरे नकारार्थी असली तर दमा ताब्यात आहे. एक-दोन उत्तरे होकारार्थी आली तर ताबा अर्धवट आहे. तीन-चार आली तर तो सुटला आहे. पाच वर्षांखालील मुलांसाठी कसोटी थोडी निराळी आहे, पण पहिलीपासूनच्या मुलांना ही चालते.

यांतील रात्रीचा प्रश्न पालकांना विचारावा लागेल. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे शिक्षकांना पुष्कळदा न विचारताच मिळतात. हसताना किंवा मोठ्याने पाढे म्हणताना खोकल्याची उबळ येणे, प्रार्थनेची ओळ मध्येच सोडणे, बोलताना वाक्याच्या मध्ये श्वास घेणे, मधल्या सुट्टीत बसून राहणे, ही ती चिन्हे होत. आठवडाभर अशी चिन्हे दिसली तर पालकांना बोलावून 'मुलगा अभ्यासात लक्ष देत नाही' असे सांगण्याऐवजी 'रात्री झोपतो का' असे विचारावे.

ताबा सुटला म्हणजे औषधाची मात्रा वाढवावी असे सर्वांनाच प्रथम वाटते. परंतु तत्पूर्वी डॉक्टर तीन गोष्टी तपासतात, व शिक्षकांनाही त्या ठाऊक असाव्यात. औषध रोज घेतले जाते काय. पंप ओढण्याची रीत बरोबर आहे काय. आणि घरात काही नवे आले आहे काय, जसे नवा रंग, मांजर, शेजारचे बांधकाम, ओल धरलेली खोली. बहुतेक मुलांचे दुखणे या तिहींतच सापडते. नाक सतत चोंदलेले असणे हे चौथे कारण. नाकावर उपचार झाल्याशिवाय छातीला स्वस्थता मिळत नाही. हे सर्व ठीक असूनही त्रास चालू राहिला तरच औषध एक पायरी वाढवले जाते, आणि सुमारे तीन महिने उत्तम ताबा राहिल्यावर एक पायरी उतरवले जाते. वाढवणे आणि उतरवणे दोन्ही डॉक्टरांचे काम. बरे वाटले म्हणून घरीच औषध बंद करणे याला उतरवणे म्हणत नाहीत.

औषध, पंप आणि पाण्याची बाटली

दम्याची औषधे मुख्यतः दोन प्रकारची. पहिले, आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करणारे. साल्ब्युटामॉल हे त्यांतील सुपरिचित, ते १९६९ साली प्रचारात आले. दुसरे, नळीच्या अस्तराची सूज शमवणारे, हुंगण्याचे स्टिरॉइड. त्याचा वापर १९७२ पासून सुरू झाला. पहिल्याने धाप थांबते पण सूज तशीच राहते. दुसऱ्याने ताबडतोब काहीच जाणवत नाही, परंतु रोज घेतल्यास काही आठवड्यांत नळ्यांचा हळवेपणा कमी होतो. येथेच सर्व घोटाळा होतो. ज्या औषधाने लगेच बरे वाटते ते खरे औषध आणि ज्याने काहीच वाटत नाही ते डॉक्टरांनी उगीच दिलेले, असा निष्कर्ष घरचे लोक काढतात व दुसरे बंद करून पहिल्यावरच भिस्त ठेवतात. केवळ तात्काळ औषधावर वर्षानुवर्षे राहणाऱ्या रोग्यांना गंभीर झटक्याचा धोका अधिक असल्याचे दिसून आल्यामुळे, १२ वर्षांवरील रोग्यांनी फक्त तेवढ्यावर राहू नये अशी स्पष्ट सूचना 'जिना'ने २०१९ साली केली. पंपाच्या रंगावरून औषध ओळखण्याची सवय मात्र धोक्याची. निरनिराळ्या कंपन्यांचे रंग निरनिराळे असतात, नाव वाचावे.

दाबताच मोजकी मात्रा फवारणारा पंप १९५६ साली अमेरिकेत विक्रीस आला. रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने, केसांवर मारावयाच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही, असे वडिलांना विचारले व त्यातून हा शोध लागला, अशी त्याची हकीकत आहे. आपल्याकडे पंपाविषयी भीती आहे: पंप म्हणजे शेवटचा उपाय, तो एकदा लागला की सुटत नाही. याचे उत्तर चौथीच्या गणितात आहे. साल्ब्युटामॉलच्या लहान गोळीत २ मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत वीस फवाऱ्यांइतके औषध झाले. गोळी पोटातून रक्तात जाऊन साऱ्या शरीराला लागते, हात कापतात, छाती धडधडते; फवारा जेथे दुखणे आहे तेथेच पडतो. स्टिरॉइडच्या बाबतीतही हेच तत्त्व. रोज हुंगण्याच्या स्टिरॉइडने मुलाच्या अखेरच्या उंचीत सुमारे एक सेंटिमीटरची घट होऊ शकते, हे पालकांपासून लपवू नये. वारंवारच्या झटक्यांसाठी पोटात घ्यावी लागणारी स्टिरॉइडची गोळी आणि बुडालेली शाळा यांच्या शेजारी तो एक सेंटिमीटर ठेवून त्यांनाच विचार करू द्यावा.

पंप नुसता तोंडात धरून दाबला तर फवारा बहुतांशी घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तेथेच राहतो. म्हणून मुलांनी मध्ये एक पोकळ डबी, जिला स्पेसर म्हणतात, ती लावावयाची असते. पंप हलवून स्पेसरला लावावा, मुलाने तोंडाचा भाग ओठांत घट्ट धरावा, एकच फवारा सोडावा, आणि मुलाने सावकाश चार-सहा श्वास त्यातून घ्यावेत. दुसरा फवारा हवा असल्यास अर्ध्या मिनिटाने. दोन फवारे एकदम सोडून वेळ वाचत नाही, औषध वाया जाते. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकणे आवश्यक, अन्यथा तोंडात पांढरे चट्टे येतात.

विकतचा स्पेसर सर्वांना परवडतो असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे बालरोगतज्ज्ञ हेदर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा विचार करून पाहिला. पेयाच्या ५०० मिलिलीटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक तापल्या तारेने पाडून ते चिकटवून बंद केले, आणि बाटलीचे तोंड मुलाच्या तोंडात दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार झटका आलेल्या मुलांना या बाटलीने विकतच्या स्पेसरइतकाच गुण आला. पॉलिस्टायरीनच्या पेल्याचा मात्र तितका उपयोग झाला नाही. कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी स्वतः अशी एक बाटली करून स्वच्छ धुऊन प्रथमोपचार पेटीत ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. मुलाचा पंप कुलूपबंद कपाटात ठेवू नये. तो त्याच्या दप्तरात अगर वर्गशिक्षकाच्या हाताशी असावा.

झटका आला असता मुलास ताठ बसवावे, आडवे करू नये. भोवतीची गर्दी हटवावी, घट्ट कपडे सैल करावेत व शांतपणे बोलावे. तात्काळ औषधाचे चार फवारे एकेक करून द्यावेत, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार श्वास. चार मिनिटे थांबावे. आराम न पडल्यास पुन्हा चार, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत याच रीतीने फवारे देत राहावे. मुलास सलग वाक्य बोलता येत नसेल, गळ्याच्या खोबणीत व बरगड्यांमध्ये श्वासागणिक खळगे पडत असतील किंवा ओठ निळसर झाले असतील तर चार मिनिटेही वाट पाहू नये. घरघर एकाएकी थांबली आणि मूल मलूल झाले तर ते सुधारल्याचे लक्षण नव्हे. हवा आत जाणेच बंद होत चालल्याचे आहे.

मैदान, झाडू आणि सुट्टी

दमेकरी मुलास खेळातून कायमचे काढणे ही शाळेकडून घडणारी सर्वांत मोठी चूक होय. २००३ साली लंडन येथे २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन धावून विश्वविक्रम करणारी इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ लहानपणापासून दमेकरी होती. सुरुवातीस दहा मिनिटे हळूहळू अंग मोकळे करणे, मैदानावर पाणी शिंपडणे आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळापूर्वी फवारा घेणे, एवढ्याने बहुतेक मुले खेळू शकतात. खेळांत मात्र भेद आहे. खो-खोत थोडे धावून बसावयास मिळते. कबड्डीत, जिला आपण पूर्वी हुतूतू म्हणत असू, चढाई करणाऱ्यास एका दमात शब्द घुमवीत राहावे लागते, म्हणजे लांबलचक श्वास सोडत राहावे लागते. आणि दमेकऱ्याचे दुखणे नेमके तेथेच. अशा मुलास चढाईऐवजी पकडीला ठेवणारा क्रीडाशिक्षक त्याला खेळातही ठेवतो व संकटातही घालत नाही.

वर्ग झाडण्याची पाळी सर्वांवर येणे शिस्तीच्या दृष्टीने योग्यच आहे. दमेकऱ्यास झाडू न देता फळा ओल्या फडक्याने पुसण्याचे किंवा झाडांना पाणी घालण्याचे काम द्यावे. सर्वांनीच पाणी शिंपडून झाडावे व ते मुले येण्यापूर्वी आटोपावे. श्रमदानात शाळेभोवतीचे गाजरगवत उपटण्याचा कार्यक्रम पुष्कळ शाळांत असतो. १९५० च्या दशकात पुण्याजवळ नोंद झालेली ही परदेशी वनस्पती आता सर्वत्र माजली आहे व तिचे पराग अनेकांना बाधतात. फुलावर आलेले गाजरगवत मुलांच्या हातांनी उपटू नये, दमेकऱ्याच्या तर नाहीच. शालेय पोषण आहाराच्या फोडणीचा खाट वर्गात येत असेल तर स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूस उघडते हे मुख्याध्यापकांनी एकदा जाऊन पाहावे. आहाराच्या बाबतीत केळे, दही, ताक, लिंबू बंद करण्याची रूढी सर्रास आहे; डॉक्टरांनी त्या विशिष्ट मुलापुरते सांगितले नसेल तर ते वर्ज्य करण्याचे कारण नाही. आधीच अशक्त मुलाचे केळे काढून घेऊन त्याचा दमा थांबत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. त्याखाली शाळांना भेट देणाऱ्या वैद्यकीय पथकाने तपासावयाच्या विकारांत श्वासमार्गाच्या या हळवेपणाचाही समावेश आहे. परंतु पथक ज्या दिवशी येते त्या दिवशी मुलाची छाती मोकळी असू शकते, किंवा मूल त्या दिवशी गैरहजर असू शकते. म्हणून पथकाच्या हाती नुसती नावांची यादी न देता, वर वर्णिलेल्या खुणा ज्या मुलांच्या नावापुढे पडल्या आहेत त्यांचा हजेरीपट दाखवावा.

राहता राहिली उन्हाळ्याची सुट्टी. थंड हवामानाच्या देशांत सप्टेंबरमध्ये शाळा उघडताच मुलांच्या दम्याचे झटके एकदम वाढतात, असे अनेक वर्षांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. सुट्टीत सुटलेले रोजचे औषध आणि शाळेत परत एकत्र आल्याने पसरणारी सर्दी, अशी दोन कारणे त्यामागे सांगितली जातात. आपल्याकडे जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा या दोहोंच्या जोडीला पहिला पाऊस व ओल असते. मुले मे महिन्यात गावी जातात, हवा कोरडी असते, त्रास नसतो, आणि पंप घरच्या फडताळात राहतो. यासाठी निकालाच्या दिवशी पालकांशी दोन शब्द बोलून हिशेब मांडून द्यावा. सकाळी दोन व रात्री दोन असे दिवसाला चार फवारे सांगितले असतील तर २०० मात्रांचा पंप ५० दिवस पुरतो. १ मे रोजी नवा उघडलेला पंप शाळा सुरू होईपर्यंत जेमतेम पुरेल. एप्रिलच्या आरंभी उघडलेला २० मेच्या सुमारास संपेल. संपलेला पंपही दाबल्यावर काही काळ फुसफुसत राहतो, परंतु त्यातून येतो तो नुसता वायू. म्हणून पंप उघडल्याची तारीख त्याच्यावर शाईने लिहून ठेवावयास मुलालाच सांगावे.